फ्रेम शेवटच्या पाच किलोमीटरसाठी निवडावी

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४१, वजन ७८ किलो, बुटाचा नंबर ४३. वर्षभर ४×८० चे, म्हणजे ८० मिमी व्यासाची चार चाके असलेले फिटनेस स्केट्स वापरून बालेवाडीच्या क्रीडा संकुलाच्या परिसरात आणि विद्यापीठाच्या आवारात दहा-बारा किलोमीटर सहज होतात. आता सुटीच्या दिवशी पंचवीस-तीस किलोमीटर ‘क्रॉस-कंट्री’ जायचे आहे, तेही पाषाण-सूस रस्त्याने बाहेर पडून आणि जमल्यास पौड-मुळशीच्या बाजूला. दुकानदार ३×१२५ ची फ्रेम (बुटाखालचा, चाके धरणारा सांगाडा) घ्या म्हणतो, मित्र ४×९० म्हणतो आणि जिकडेतिकडे ३×११० ची स्तुती वाचायला मिळते. यांपैकी कोणती घ्यावी?

मी पुण्यात प्रौढांना स्केटिंग शिकवते आणि त्यांच्या फ्रेम बसवून, जुळवून देते, त्यामुळे हा प्रश्न माझ्यासमोर वारंवार येतो. विचारणारा नेहमी चाकाच्या व्यासाबद्दल विचारतो आणि अडचण बहुतेक वेळा घोट्यात असते. दुकानात किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये नवी फ्रेम चालवून पाहताना पाय ताजे असतात. त्या दहा मिनिटांत मोठे चाक सुखाचेच वाटते. वीस किलोमीटर झाल्यावर पोटऱ्या आणि नडगीच्या बाजूचे स्नायू दमतात, घोटा आत झुकू लागतो, रेटा आखूड होतो आणि भार चाकाच्या मध्यरेषेवर न येता आतल्या कडेवर येऊ लागतो. त्या अवस्थेतही जी फ्रेम तुम्हाला सरळ उभे राहू देते, ती तुमच्यासाठी योग्य. म्हणून तीस किलोमीटरसाठी फ्रेम घ्यायची असेल, तर पंचविसाव्या किलोमीटरला तुमचा घोटा कसा असेल हे डोळ्यांसमोर ठेवून घ्यावी. पुढचे सगळे विवेचन मी याच कसोटीवर केले आहे.

त्याआधी एक गोष्ट तपासून घ्या, कारण बाकीचे सगळे तिच्यावर अवलंबून आहे आणि प्रश्नात तिचा उल्लेख नाही. स्केट उलटा करून बुटाचा तळ पाहा. फ्रेम रिव्हेटने ठोकलेली असेल किंवा बुटाच्या सांगाड्याशी एकसंध असेल, तर ती बदलण्यासाठी बनवलेलीच नाही. रिव्हेट काढून तिथे बोल्ट बसवून देणारे कारागीर सापडतात, पण त्या बुटाचा तळ बोल्टचा ताण घेण्यासाठी जाड केलेला नसतो. मी असे काम करत नाही आणि करून घ्या असेही सांगणार नाही. अशा वेळी फ्रेमचे पैसे बाजूला ठेवून नव्या बुटाचा विचार करावा. फ्रेम दोन बोल्टवर बसवलेली असेल, तर दोन्ही बोल्टच्या मध्यांमधले अंतर, म्हणजे माउंटचे अंतर, मोजा. फिटनेसच्या आणि शहरी वापराच्या बुटांत ते बहुधा १६५ मिमी असते, शर्यतीच्या बुटांत १९५ मिमी. पॉवरस्लाइड कंपनीच्या ट्रिनिटी पद्धतीत पुढे दोन आणि मागे एक असे तीन बोल्ट असतात आणि त्या बुटाला त्याच पद्धतीची फ्रेम लागते. अ‍ॅग्रेसिव्ह, म्हणजे कठड्यांवर आणि रॅम्पवर कसरती करण्याच्या स्केट्सची यूएफएस पद्धत आणखी वेगळी आहे, तिचा तुमच्या कामाशी संबंध नाही. अंतर जुळले तरी टाचेकडचा आधार पंजाकडच्या आधारापेक्षा किती उंच आहे, हे प्रत्येक कंपनीत सारखे असेलच असे नाही. म्हणून बूट सोबत नेऊन, प्रत्यक्ष ठेवून पाहिल्याशिवाय फ्रेम घेऊ नये.

आता लांबीकडे वळू. फ्रेमची लांबी म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या चाकाच्या एक्सलमधले (आसांमधले) अंतर, आणि तिची किमान मर्यादा चाकांचा व्यासच ठरवतो. ८० मिमीची चार चाके एकमेकांना न घासता बसवायची तर तीन अंतरे मिळून २४० मिमीपेक्षा थोडे जास्त लागतात. म्हणूनच ४×८० च्या इतक्या फ्रेमवर २४३ हा आकडा दिसतो. याच हिशेबाने ४×९० ला २७० च्या पुढे जावे लागते, ४×१०० ला ३०० च्या पुढे आणि ४×११० ला ३३० च्या पुढे. तीन चाकांत अंतरे दोनच उरतात, त्यामुळे ३×११० ची फ्रेम २२० च्या थोडे पुढे सुरू होते आणि ३×१२५ ची २५० च्या थोडे पुढे. याचा अर्थ असा की ३×११० घेतल्यास तुमच्या आजच्या फ्रेमच्या लांबीतच राहून चाक ३० मिमीने मोठे करता येते. लांब फ्रेम सरळ रेषेत आणि उतारावर शांत चालते, रेटा देताना जास्त वेळ जमिनीला धरून राहते. पण वळताना ती पायाचे ऐकत नाही आणि दमलेल्या पायाचे तर मुळीच नाही. रिकाम्या ट्रॅकवर याचे काही वाटत नाही. सूस रस्त्यावर समोरून रिक्षा वळली आणि कडेला खडी पसरलेली असली की फार वाटते.

मोठ्या चाकाचा फायदा नेमका किती, हे मी लोकांना कागदावर काढून दाखवते, कारण त्यामुळे ३×१२५ चा मोह बराचसा उतरतो. समजा, रस्त्यावर १० मिमी उंचीची कड आहे. काँक्रीटच्या दोन पट्ट्यांच्या सांध्याला किंवा डांबरी ठिगळाच्या काठाला इतकी उंची सहज असते. चाक त्या कडेला जिथे टेकते, तिथून चाकाच्या मध्यापर्यंत रेघ ओढली, तर ती रेघ उभ्या दिशेशी जो कोन करते, तितका धक्का मागे ढकलणारा असतो. ८० मिमीच्या चाकाला हा कोन सुमारे ४१ अंश येतो, ११० च्या चाकाला ३५ आणि १२५ च्या चाकाला ३३. म्हणजे ८० वरून ११० वर गेल्याने सहा अंशांचा लाभ होतो आणि तिथून १२५ वर गेल्याने जेमतेम दोन अंशांचा. त्या दोन अंशांसाठी एक्सल आणखी साडेसात मिमी वर जातो, चाक जड होते, वेग घ्यायला आणि पाय उचलून पुढे आणायला अधिक कष्ट पडतात. सपाट, लांब आणि मोकळ्या रस्त्यावर वेग टिकवून ठेवण्यासाठी १२५ चे चाक सुंदर आहे. पुण्यात दर काहीशे मीटरवर गतिरोधक, पांढऱ्या जाड पट्ट्या किंवा सिग्नल येतो, आणि पुन्हा शून्यातून वेग घ्यावा लागतो.

उंचीबद्दल थोडे अधिक सांगावेसे वाटते, कारण इथे बऱ्याच जणांची फसगत होते. ४×८० मध्ये एक्सल जमिनीपासून ४० मिमीवर असतो आणि ११० च्या चाकात ५५ मिमीवर, म्हणून पायही १५ मिमीने वर जाईल असे वाटते. तसे होतेच असे नाही. चार चाकांच्या फ्रेममध्ये दुसरे चाक पंजाच्या जाड भागाखाली येते आणि बूट त्याच्या माथ्यावरून न्यावा लागतो. तीन चाकांच्या फ्रेममध्ये पंजा पहिल्या आणि दुसऱ्या चाकाच्या मधल्या मोकळ्या जागेवर येतो, त्यामुळे बूट तिथे खाली बसवता येतो आणि वाढलेल्या उंचीचा काही भाग परत मिळतो. तो किती मिळतो हे त्या फ्रेमच्या घडणीवर अवलंबून आहे. म्हणून दुकानात दोन फ्रेम शेजारी ठेवून, जमिनीपासून बूट टेकतो त्या जागेपर्यंतची उंची पट्टीने मोजा, पंजाकडची वेगळी आणि टाचेकडची वेगळी. एकाच व्यासाच्या चाकांच्या दोन फ्रेममध्ये काही मिलिमीटरचा फरक निघतो, आणि शेवटच्या पाच किलोमीटरांत घोट्याला तो कळतो.

तीन चाकांची दुसरी बाजूही सांगायला हवी. एका पायावर असताना तुमचे ७८ किलो चार चाकांत वाटले तर सरासरी प्रत्येकी साडेएकोणीस किलो येतात, तीन चाकांत २६. त्यामुळे चाक अधिक दबते, खडबडीत डांबरावर अधिक थरथरते आणि एखादे चाक भेगेवर आले तर जमिनीला धरून ठेवायला दोनच उरतात. वजन ८५-९० किलोच्या पुढे असेल, किंवा रोजचा रस्ता आडव्या खाचा पाडलेल्या काँक्रीटचा असेल, तर मी ४×९० कडे अधिक झुकते. म्हणून तुमच्या मित्राचा सल्ला चुकीचा नाही. ४३ नंबरच्या बुटाला २७०-२८० मिमीची फ्रेम लांबही होत नाही. ३७-३८ नंबरच्या पायाला मात्र मी ती सहसा देत नाही.

तुमच्यासाठी माझे मत ३×११० च्या बाजूने आहे, पण एका अटीवर, आणि ती अट तुम्ही स्वतः तपासू शकता. नेहमीचे बारा किलोमीटर पूर्ण झाल्यावर, दमलेल्या अवस्थेत, रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्टीवर एका पायावर घसरत जा. प्रत्येक पायावर दहा मीटर पट्टी न सोडता, दुसरा पाय न टेकवता आणि घोटा आत न पाडता जाता आले, तर ११० चे चाक तुम्हाला पेलेल. मागून कोणीतरी मोबाइलवर चित्रण केले तर बरे, कारण घोटा आत पडलेला स्वतःला कळत नाही. नडगी आणि फ्रेम एका रेषेत दिसली पाहिजेत. तसे होत नसेल, तर आत्ता फ्रेम बदलू नका. घोट्याला पक्का आधार देणारा १६५ मिमीच्या माउंटचा बूट आधी घ्या आणि जुन्याच आकाराच्या चाकांवर पल्ला हळूहळू वाढवा. मऊ बुटावर मोठी फ्रेम लावून कोणाचा पल्ला वाढलेला मी पाहिलेला नाही. पायाचा तळवा दुखत असल्याची तक्रार मात्र नक्की येते.

चाचणी जमली तर २४० मिमीच्या आसपासची ३×११० फ्रेम घ्या आणि तिच्यात पहिले काही आठवडे १०० मिमीची चाके लावा. मोठ्या चाकांच्या फ्रेममध्ये लहान चाके बसतात, उलटे होत नाही. लांबी तीच राहते, पाय ५ मिमीने खाली येतो आणि शरीराला तीन चाकांच्या तोलाची सवय होते. वीस किलोमीटर नीट होऊ लागले की ११० ची चाके लावा. एक जादा संच घ्यावा लागतो, पण तो वाया जात नाही. गर्दीच्या रस्त्यांसाठी १०० चीच चाके अनेकांना कायमची आवडतात.

आता ब्रेक. तुम्ही मुळशीच्या बाजूला जायचे म्हणता, म्हणजे उतार येणार. घर्षण आणि वारा नसता तर फक्त ५ मीटर उंची उतरल्यावर वेग ताशी ३५ किलोमीटरच्या पुढे गेला असता. प्रत्यक्षात तो त्याहून कमी राहतो, पण मोठे चाक त्या आकड्याच्या अधिक जवळ नेते. तुमच्या ४×८० ला टाचेचा ब्रेक असावा. शर्यतीच्या धाटणीच्या बहुतेक फ्रेमना तो नसतो आणि बाहेरून लावताही येत नाही, कारण ब्रेकचा सांगाडा शेवटच्या एक्सलवर बसतो आणि तो त्या फ्रेमसाठी, त्या व्यासासाठीच बनवलेला असावा लागतो. खरेदी करताना हा प्रश्न दुकानदाराला सर्वांत आधी विचारा. एक पाय मागे आडवा धरून थांबण्याची टी-स्टॉपची पद्धत सपाट रस्त्यावर पुरते. लांब उतारावर ती चाके खाऊन टाकते आणि दमलेल्या पायाने ती साधत नाही. ज्या फ्रेमला टाचेचा ब्रेक बसत नाही ती घेऊन मुळशीच्या वाटेवरच्या चांदणी चौकाच्या पलीकडे जाऊ नका, असे मी माझ्याकडे शिकणाऱ्यांना स्पष्ट सांगते, आणि तुम्हालाही तेच सांगेन.

क्रॉस-कंट्री हा शब्द तुम्ही वापरला आहे, त्याचा एक वेगळाही अर्थ होतो. काहींना त्यातून कच्चा रस्ता, मुरूम, टेकडीची पायवाट आणि हातात काठ्या घेऊन चालणारे स्केटिंग अभिप्रेत असते. त्यासाठी पॉलियुरेथेनचे, म्हणजे नेहमीच्या स्केटचे, घट्ट चाक कितीही मोठे घेतले तरी उपयोगाचे नाही, ते मुरमात रुतते. हवेचे टायर असलेली १२५ ते १५० मिमी चाकांची फ्रेम वेगळी मिळते. ती जड असते, डांबरावर मंद चालते आणि आपल्याकडच्या टेकड्यांवर बाभळीचे काटे असल्याने पंक्चरची तयारी ठेवावी लागते. काठ्यांसाठी स्वतःच्या उंचीच्या सुमारे नव्वद टक्के लांबी धरतात आणि डांबरावर टोक कार्बाइडचे लागते. तुमचा मार्ग पक्क्या रस्त्यांचा आहे असे धरून मी उत्तर देत आहे. तसे नसेल तर वरचा ३×११० चा सल्ला लागू होत नाही.

साहित्याच्या बाबतीत फार विचार करू नका. या वापरासाठी अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम घ्यावी. तंतुमिश्रित प्लास्टिकच्या फ्रेम थरथर कमी करतात, पण मोठ्या चाकांखाली आणि तुमच्या वजनाला त्या आडव्या लवतात, आणि रेट्याचा जोर त्या लवण्यातच जिरतो. कार्बनसाठी जादा पैसे मोजण्याचे कारण मला दिसत नाही.

वापरलेली फ्रेम घेण्याचा विचार मात्र जरूर करा. पुण्यात स्पर्धेत उतरणारी मुले भरपूर आहेत, ती वाढतात, चाकांचा आकार बदलतात आणि पालक चांगल्या फ्रेम निम्म्या किमतीला काढून टाकतात. अशी फ्रेम तपासताना माझी पद्धत अशी असते. सारखी झिजलेली, शक्यतो नवी चाके लावून ती ओट्याच्या ग्रॅनाइटवर ठेवायची आणि प्रत्येक चाकाखाली कागदाची पट्टी सरकवून पाहायची. सगळी चाके सारखी टेकली पाहिजेत. मुद्दाम मधली चाके खाली ठेवलेली, रॉकर केलेली फ्रेम असेल तर गोष्ट वेगळी, पण लांब पल्ल्यासाठी तुम्हाला ती नकोच. जुनी, कमी-जास्त झिजलेली चाके लावून ही तपासणी केली तर चांगली फ्रेमही वाकडी वाटते. मग फ्रेम डोळ्यांसमोर धरून पहिल्या चाकापासून शेवटच्या चाकापर्यंत एका रेषेत पाहायचे, कुठले चाक बाजूला डोकावते का ते. शेवटी बोल्टच्या खाचांच्या कोपऱ्यांवर नख फिरवायचे, कारण तडा जायला सुरुवात तिथून होते, आणि प्रत्येक एक्सल बोटांनी फिरवून आटे शाबूत आहेत का ते पाहायचे. लहान मुलांच्या बुटासाठी बनवलेली आखूड ३×११० फ्रेम ४३ नंबरच्या बुटाला लावू नका. दमल्यावर तुम्ही तिच्यावरून पुढे झुकत राहाल.

फ्रेम चांगली घेऊनही ती वाकडी बसवली, तर वरचे सगळे व्यर्थ जाते, म्हणून जुळवण्याबद्दल सविस्तर लिहिते. पहिल्यांदा बसवताना टाचेकडे शेवटचे चाक टाचेच्या रुंदीच्या बरोबर मध्याखाली ठेवा आणि पुढे फ्रेमची रेघ अंगठा आणि त्याच्या शेजारचे बोट यांच्यामधून जाईल अशी ठेवा. पुढे-मागे सरकवायला जागा असेल, तर फ्रेमचा मध्य पायाच्या कमानीखाली यावा. बोल्ट घट्ट करण्यापूर्वी बुटाच्या तळावर पेन्सिलने फ्रेमची कड आखून घ्या, म्हणजे पुढचा प्रत्येक बदल मोजता येईल. मग दोन-तीन किलोमीटर चालवा. घोटा आत पडत असेल तर फ्रेम आतल्या बाजूला सरकवा, बाहेर पडत असेल तर बाहेरच्या बाजूला, आणि एका वेळी एक-दीड मिलिमीटरपेक्षा जास्त नको. दोन्ही पायांना एकच जुळवणी चालेल असे मानू नका. बहुतेक माणसांचा एक घोटा दुसऱ्यापेक्षा कमकुवत असतो. एका पायावर घसरताना स्केट आपोआप आत वळत असेल, तर मागचा बोल्ट तसाच ठेवून फक्त पुढचे टोक किंचित बाहेर न्या. योग्य जागा सापडेपर्यंत या क्रमाने चार-पाच फेऱ्या होतात आणि तेवढा वेळ द्यावाच लागतो. जागा पक्की झाली की बोल्टवर निळे लॉकटाइट (आटे सैल होऊ न देणारा द्रव) थेंबभर लावा. बोल्ट बुटात पुरेसा शिरतो, पण टोक तळाला जाऊन अडकत नाही, हेही पाहा. अडकलेला बोल्ट घट्ट झाल्यासारखा वाटतो आणि दहा किलोमीटरवर सैल होतो.

चाकांची कठिणता ८५ए (चाकावर छापलेला आकडा; जितका मोठा तितके चाक कठीण) च्या आसपास ठेवा. बेअरिंग ६०८ आकाराचे असतात आणि महागड्या बेअरिंगने तुमच्या वेगात जाणवण्याजोगा फरक पडणार नाही. धूळ पुसून, वेळेवर तेल घातलेले साधे बेअरिंग पुरेसे आहेत. चाके दर काही फेऱ्यांनंतर बाजू बदलून लावा, कारण आतली कड आधी झिजते. ती कोणत्या पायाची जास्त झिजते हे लिहून ठेवले, तर पुढच्या जुळवणीला उपयोगी पडते.

जुनी ४×८० फ्रेम, किंवा बुटासकट बदल करावा लागला तर जुने स्केट्स, विकू नका. जून ते सप्टेंबर ओल्या रस्त्यावर पॉलियुरेथेनची पकड कमी होते, पांढऱ्या पट्ट्या तर धोकादायकच होतात, आणि मोठ्या चाकांवरचा वेग आवरणे कठीण जाते. त्या महिन्यांत छताखालच्या पार्किंगमध्ये टाचेच्या ब्रेकचा आणि एका पायावर घसरण्याचा सराव त्याच लहान चाकांवर करा. फ्रेम आणि बूट यांचे मोजमाप घेऊन झाले की माउंटचे अंतर, टाच आणि पंजा यांच्या आधारांच्या उंचीतला फरक आणि पांढऱ्या पट्टीवरच्या चाचणीचा निकाल इथे कळवा. त्यावरून फ्रेमची नेमकी लांबी सांगता येईल.